हजर म्हणणारा तोतया

मधुकर,

आयुष्यभर पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी लिहिल्याखेरीज माझा हात पुढे सरकला नाही. आज दोन्ही गाळल्या आहेत. विषय तू आहेस. आणि संदर्भ द्यावा असे तुझे एकही पत्र माझ्याकडे नाही, कारण तू पत्रे लिहिलीच नाहीस. तू फोन करायचास. “वकीलसाहेब, आहात का?” एवढेच विचारायचास. मी “आहे” म्हटले की फोन ठेवून द्यायचास, आणि थोड्या वेळाने माझ्या दारात उभा असायचास. मी वकील नव्हतो, एका सरकारी मंडळाचा निवृत्त विधी अधिकारी होतो, हे मी तुला अनेकदा लेखी कळवले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

हे मी तुझ्याच घरी, झिरकपूरला, तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितो आहे. बाहेर घंटा वाजते आहे. सकाळपासून वाजते आहे. सुलभाने बाल्कनीचे दार लावून घेतले होते. मग तीच उठली आणि तिने ते उघडले.

“वाजू दे, भाऊजी,” ती म्हणाली. “वाजत नव्हती तेव्हाच हे झोपत नव्हते.”

ती घंटा आज का वाजते आहे हे तुला सांगायचे आहे. तुझ्यापर्यंत ते पोचण्याचा मार्ग नाही, हे मला समजते. परंतु हे समजून घेण्याचा पहिला हक्क तुझा आहे, आणि हक्काच्या बाबतीत मी मार्गाची वाट पाहत बसत नाही.

तू कोठे जन्मलास, काय शिकलास, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत कोणकोणती उपकरणे उभी केलीस, हे येथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सांगून झाले. सांगणाऱ्याने तुझे गावही चुकवले. तू कोल्हापूरचा, त्याने सांगली म्हटले. मी उभा राहून दुरुस्ती सुचवली. तू शेजारी असतास तर माझा सदरा धरून मला खाली बसवले असतेस. कोणी बसवले नाही, म्हणून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.

तुझ्या बाल्कनीतून खाली पाहिले की बटाट्याच्या शीतगृहाचे लांबच लांब पत्र्याचे छप्पर दिसते. ते बांधले तेव्हा भोवती शेते होती. आता कुंपणाला खेटून इमारती आहेत, आणि त्यांच्या कठड्यांवर लोकांच्या चादरी वाळतात. आतला गारवा राखण्यासाठी तेथे अमोनिया वायू नळांतून फिरवतात. नळात असेतो तो गरीब असतो. बंद खोलीत गळून साचला, तर दार उघडणाऱ्याला वास ओळखण्याचीही उसंत देत नाही. म्हणून मालकांनी, आयातीची दारे नुकतीच उघडली होती त्या दिवसांत, मोठ्या कौतुकाने परदेशी सूचनायंत्रणा मागवली. प्रत्येक खोलीत वायू हुंगणारे एक नाक, नाकापासून निघालेली तार, त्या सर्व तारा जाऊन मिळतात असे संगणकातले एक कार्ड, आणि भिंतीवर घंटा. पुरवठादाराचे दिल्लीचे कार्यालय काही वर्षांतच बंद पडले. त्याचा पत्ता बदलला नाही, नाहीसा झाला.

पुढे तो संगणक मेला आणि कार्डही शेवटच्या घटका मोजू लागले. नव्या संगणकांत त्या कार्डासाठी खाचच नव्हती. तू निवृत्त होऊन शेजारी राहायला आला आहेस हे शीतगृहाच्या व्यवस्थापकाला, सेठीला, कोणीतरी सांगितले. तो मिठाईचा डबा घेऊन वर आला.

“अंकल जी, कोई जुगाड़ कर दो।”

“जुगाड़ नहीं करता,” तू म्हणालास. “करूँगा तो ठीक से करूँगा।”

येथेच त्याने डबा परत न्यायला हवा होता.

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक वसवणारा एक मोफत, खुला प्रकल्प होता. जगभरातले लोक तो मिळून लिहीत, आणि तूही निवृत्तीनंतर त्यांच्यात सामील झाला होतास. पोटातला संगणक प्रत्यक्षात नसतो, पण त्यात चालणाऱ्या प्रोग्रामला तो आहे असेच वाटते, हे तू मला पहिल्यांदा समजावलेस तेव्हा मी म्हणालो की यात नवे काही नाही. कायद्यात ‘असे मानण्यात येईल’ हे शब्द आले की नसलेली गोष्ट असलेली होते. आम्ही तिला ‘मानीव’ म्हणतो. तुला तो शब्द फार आवडला. त्या दिवसापासून तुझ्या घरात मानीव संगणक, मानीव तबकडी, मानीव घड्याळ अशी भाषा सुरू झाली. सुलभाने एकदा मला मानीव साखरेचा चहा दिला होता.

पण शीतगृहाचे कार्ड त्या प्रकल्पाला ठाऊक नव्हते. ते तुला घडवायचे होते. माहितीपत्रक कोठेच नव्हते. तेव्हा तू कबाड्याकडून एक जुना संगणक आणलास, मरणाच्या दारातले कार्ड त्यात बसवलेस, आणि प्रोग्राम काय विचारतो व कार्ड काय उत्तर देते ते आठवडेच्या आठवडे ऐकत राहिलास. साक्षीदार उलटतपासणीत कसा कसा बोलतो हे मी उमेदीच्या काळात ऐकले आहे. तुझ्याइतक्या मायेने कोणाला ऐकताना पाहिलेले नाही.

“हे बघा,” तू म्हणालास. “प्रोग्राम विचारतोय, आहेस का? कार्ड म्हणतंय, हजर. मग विचारतोय, पहिल्या खोलीत किती? कार्ड आकडा सांगतंय. दिवसभर एवढंच बोलतात बिचारे.”

“आणि कार्ड मेल्यावर?”

“मग त्याच्या नावाला माझा कोड म्हणणार, हजर. शाळेत नव्हतो का म्हणत आपण, दोस्ताच्या नावाला?”

“आम्ही नव्हतो म्हणत.”

“यवतमाळात नसतील म्हणत. कोल्हापुरात अर्धा वर्ग मीच होतो.”

“याला दंडसंहितेत नाव आहे,” मी म्हणालो. “तोतयेगिरी.”

“भाऊजी, आधी चहा घ्या,” सुलभा आतून म्हणाली. “मग कलम लावा.”

तू हसलास, आणि दुसऱ्याच दिवशी त्या फाइलला ‘तोतया’ असे नाव देऊन मोकळा झालास. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला तो शब्द परमुलुखातले लोक तुझ्याशी चर्चा करताना निमूटपणे टंकत असत. त्यांतल्या एकाने अर्थ विचारला, तेव्हा तू कळवलेस: दुसऱ्याच्या नावाला ओ देणारा. पेशवाईतल्या प्रकरणाचा खुलासा जोडावा, असे माझे मत होते. तू तो जोडला नाहीस.

आपला मूळ वाद त्या शब्दावरचाच आहे आणि तो अजून निकाली निघालेला नाही. तुझे म्हणणे होते की फसवणूक व्हायला फसणारा माणूस लागतो; येथे फसतो तो एक जुना प्रोग्राम, आणि तोही आनंदाने. माझे म्हणणे होते की तोतयाने ज्याचे सोंग घेतले ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, कायदा दोन्ही सारखेच धरतो. आणि प्रोग्रामच्या पाठीमागे पडदा वाचणारा एक माणूस बसलेला असतो, त्याच्या पाठीमागे दार उघडणारा दुसरा.

“मग कार्ड तरी काय करत होतं?” तू म्हणायचास. “ते बी नाकाच्या वतीनंच बोलत होतं की. खरा कोण हाय ह्यात?”

याचे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. आज सुचले आहे, पुढे येईल.

प्रकल्पाचा परवाना तू मला वाचायला दिलास तो प्रसंगही असाच अर्धवट राहिला. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि शेवटाकडे येता येता माझे डोके भडकले. वस्तू जशी आहे तशी दिली आहे. कोणतीही हमी नाही. काही नुकसान झाल्यास लिहिणारा जबाबदार नाही. मी म्हणालो, गावाला फुकट विहीर खणून द्यायची आणि काठावर पाटी लावायची की पाणी विषारी निघाल्यास खणणारा जबाबदार नाही, हा कोणता धर्म?

“जरा दमानं घ्या, वकीलसाहेब. विहीर कशी खणली ते बी सगळं लिहून दिलंय की. बघा, तपासा, चुकलं असंल तर दुरुस्त करा. त्या परदेशी कार्डवाल्यानं दिलं होतं का? बंद डबा दिला आणि दुकान बंद करून पळाला.”

त्या मुद्द्यावर तू बरोबर होतास. मी तेव्हाही ते मान्य केले होते, फक्त आवाज चढवून.

आता एका तात्पुरत्या गोष्टीकडे येतो. तुझ्या नव्या व्यवस्थेत नाकांच्या तारा तू बनवलेल्या एका लहानशा डबीत येत, डबी नव्या संगणकाला जोडलेली, आणि संगणकाच्या पोटात तो जुना प्रोग्राम व तुझा तोतया. डबीकडून उत्तर यायला उशीर झाला की जुना प्रोग्राम जागच्या जागी गोठत असे. बाकीचे काम अडू नये म्हणून तू तोतयाला शिकवलेस की उत्तर आले नाही तर मागचाच चांगला आकडा पुन्हा सांग. “तात्पुरतं आहे,” तू म्हणालास. मी हयात सरकारी कार्यालयात काढली आहे. तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले लोक तेथून सेवानिवृत्त झालेले मी पाहिले आहेत. ते मी तुला सांगितले होते.

तू तो कोड शीतगृहात बसवलास आणि प्रकल्पाकडेही पाठवलास. परमुलुखातल्या त्या अर्थ विचारणाऱ्या माणसाने तो परत केला. त्याचे म्हणणे एका वाक्याचे होते: जो बोलत नाही तो बोलतो आहे असे सांगू नका. तू रुसलास. “मला शिकवतोय. ह्याच्या वयाच्या दुप्पट माझी नोकरी झाली.” मी त्या अनोळखी माणसाची बाजू घेतली, आणि तू माझ्याशीही बोलेनासा झालास. मग एका दुपारी फोन आला, “आहात का?” आणि दारात येऊन तू चप्पल काढता काढता म्हणालास, “बरोबर हाय त्याचं.”

नव्या तोतयाने खोटे बोलणे सोडले. नाक गप्प राहिले की तो ‘उत्तर नाही’ म्हणे, आणि तू जुन्या प्रोग्रामला ते ऐकवून घंटा वाजवायला लावण्याची युक्तीही शोधून काढलीस. स्वतः रचलेल्या खोट्याला खरे बोलायला शिकवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हे मी तुला त्या दिवशी सांगितले नाही. तेव्हा फक्त “ठीक आहे” म्हटले.

नवा तोतया शीतगृहात बसला आणि घंटा वाजू लागली. एकदा नव्हे, रोज. वायू गळत नव्हता. ओलीने आणि उंदरांनी खाल्लेल्या तारांमुळे नाके गप्प पडत होती. इतकी वर्षे त्या तारांकडे कोणी पाहिले नव्हते, ते आता घंटा ओरडून सांगत होती. तू खूश होतास. सुलभा कंटाळली होती. कामगार बाहेर येत, मुकादम हजेरी घेई, मग सारे आत जात. तूच त्यांना ती शिस्त लावली होतीस, की आधी बाहेर, मग हजेरी, मग प्रश्न.

आणि एके सकाळी ती वाजेनाशी झाली. तू बाल्कनीत उभा होतास, हातातला पेला तसाच धरून.

“तारा बदलल्या वाटतं,” मी म्हणालो.

“एका रात्रीत?” तू म्हणालास.

तुझ्या आवाजात काहीतरी होते. मी पेपर खाली ठेवला. तू खाली गेलास आणि परत आलास तो थेट नळाखाली डोके धरून उभा राहिलास. सेठीने जुनी प्रत पुन्हा चालू केली होती. तीच, मागचा चांगला आकडा सांगणारी. पडद्यावर प्रत्येक खोलीपुढे छान आकडे होते, आणि कोणी दार उघडो वा लावो, ते हलत नव्हते.

“मी म्हटलं, सेठीजी, ये क्या किया?” तू सांगत होतास. “तर म्हणतो कसा, ‘अंकल जी, पुराना वाला शांत है।’ शांत है म्हणे.”

“तारा?”

“सीझन के बाद.”

त्या दिवशी तू मला एकच कायदेशीर प्रश्न विचारलास, आयुष्यात पहिल्यांदा गंभीरपणे. “परवानगी काढून घेता येईल का? माझा कोड आहे. त्यांनी तो वापरायचा नाही, असं मी म्हणू शकतो का?” मी परवाना पुन्हा वाचला. सगळा वाचला, टिपांसकट. जे दिले ते सर्वांना दिले, कोणत्याही कामासाठी दिले, आणि कायमचे दिले. चांगल्या माणसाला द्यायचे आणि निष्काळजी माणसाकडून परत घ्यायचे, अशी तरतूद त्यात नव्हती. सद्भावनेने लिहिलेल्या दस्तऐवजाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

परवाना निरुपयोगी ठरला तरी कामगारांच्या सुरक्षेचे कायदे होते. मी सेठीला आणि कारखाने निरीक्षकाला नोटिसा लिहिल्या. तू त्या पाठवू दिल्या नाहीस.

“तुम्ही नोटीस पाठवली की ते फाटक मला बंद. मग तारा कोण बदलणार, तुम्ही?”

“आणि तोवर?”

“तोवर मी रोज जाऊन बघतो की.”

“तू म्हणजे यंत्रणा नव्हेस, मधुकर.”

“आणि तुमचा कागद म्हणजे तार नव्हे, वकीलसाहेब.”

यापुढे आपण बोललो नाही असे नाही. आपण पुष्कळ बोललो. ते येथे लिहिण्यासारखे नाही. तू रोज खाली जात राहिलास, अमोनियाच्या पाण्याची छोटी बाटली आणि एक फडके खिशात घालून. ओले फडके यंत्राच्या नाकाखाली धरायचे आणि पडद्यावरचा आकडा हलतो का पाहायचा, ही तुझी तपासणी. ज्या तारा तुझ्या हाताला लागत त्या तू जोडतही होतास. नोटिसा माझ्या पिशवीत राहिल्या. आणि मग त्या सकाळी तू गेलास, अगदी साधेपणाने, चहा गाळता गाळता. आता कोणाचे बरोबर होते हे ठरवणार कोण? प्रतिवादी निघून गेला म्हणून दावा जिंकणारा माणूस मी नाही.

तुझी रेवा बंगळूरहून आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुझा लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली.

“काका, पापा का कोड ले लिया उन लोगों ने। तोतया वाला।”

निरोप त्या परमुलुखातल्या माणसाचा होता. दुरुस्ती स्वीकारली, धन्यवाद, एवढेच. तू गेल्याचे त्याला ठाऊक नव्हते.

“रिप्लाय क्या करूँ?”

“लिही, पोचले,” मी म्हणालो.

“बस?”

“बस.”

ती रडत होती म्हणून मी खिडकीबाहेर पाहिले. खाली ते छप्पर होते. तुझा खरे बोलणारा तोतया आता जगभर कोणालाही मिळेल. खोटे बोलणारा फक्त एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते तुझ्या बायकोच्या बाल्कनीखाली होते.

तेराव्याला सेठी आला. हार घेऊन, डोके झाकून, मर्यादेने. तुझ्या फोटोपुढे हात जोडून तो सुलभाला म्हणाला, “अंकल जी की मशीन फर्स्ट क्लास चल रही है, आंटी जी। एक बार भी अलार्म नहीं बजा।”

त्याला ते सांत्वन वाटत होते, मधुकर. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मी लबाड माणसांशी आयुष्यभर लढलो आहे, त्यांची मला भीती वाटत नाही. या माणसाची वाटली. पडद्याने सांगितलेले त्याला खरेच खरे वाटत होते. तू विचारायचास ना, ह्यात फसतो कोण? तो माझ्यासमोर हार घेऊन उभा होता.

सर्व गेल्यावर सुलभाने कपाटातून तुझी ती बाटली आणि फडके काढून माझ्या हातात ठेवले. “ही तुमच्याकडे राहू द्या, भाऊजी. घरात वास येतो.” घरात वास येत नव्हता, बूच घट्ट होते. तिने मला काय सांगितले ते मला कळले, आणि मला कळले हे तिला कळले.

आज सकाळी मी खाली गेलो. नोटिसा जाताना टपालात टाकल्या. त्या त्यांच्या गतीने पोचतील. सेठीने खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्याला पडद्यासमोर बसवले, आणि काचेपलीकडे यंत्रघरात, जेथे पहिले नाक आहे, तेथे स्टुलावर चढलो. या वयात स्टुलावर चढणे शहाणपणाचे नाही. बूच काढले, फडके भिजवले, नाकाखाली धरले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

“स्क्रीन क्या कहती है?”

“सब ठीक है, सर।”

“इधर आइए.”

तो आला, आणि दोन पावलांवरच त्याने रुमाल तोंडाशी नेला. “सर, आँखें जल रही हैं।”

“स्क्रीन क्या कहती है?”

त्याने काचेतून मागे वळून पाहिले. पडद्यावर तोच आकडा होता. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत होते आणि तो त्या आकड्याकडे पाहत होता. तो पुन्हा ‘सब ठीक’ म्हणाला नाही. 

मग मी त्याच्या कार्यालयात गेलो आणि संगणकाचा प्लग भिंतीतून उपटला, वायरीचे दुसरे टोकही संगणकातून काढून घेतले. परक्याच्या मालमत्तेची उपयुक्तता अशी नष्ट करणे याला दंडसंहितेच्या मराठी भाषांतरात मोठा सौम्य शब्द आहे: आगळीक. मी आगळीक केली आहे. ती मोठी हानी टाळण्यासाठी केली, हा बचाव मला उपलब्ध आहे. पण तो कोणी विचारल्यावर मांडीन. मला त्या क्षणी कलम आठवत नव्हते. तू सांगितलेली एक गोष्ट आठवत होती. घंटा वाजवावी लागत नाही; ती वाजण्यासाठीच बसवलेली असते, आणि संगणक ‘मी आहे’ म्हणत राहतो तेवढाच वेळ तुझी डबी तिला गप्प धरते. त्या जुन्या परदेशी बांधणीतली ही एकच रीत तुला मनापासून पटली होती, आणि ती तू तशीच ठेवलीस.

संगणक गप्प झाला. घंटा वाजली. कोपऱ्यातली कबुतरे उडाली.

कामगार बाहेर आले. फाटकाजवळ मुकादम हजेरीला उभा राहिला. नाव, आणि ‘हाज़िर’. नाव, आणि ‘हाज़िर’. मी प्लग हातात धरून दारात उभा होतो. तो मी त्यांना परत देणार नव्हतो. एका नावाला जरा जास्तच लवकर ‘हाज़िर’ आले. मुकादम पुढच्या नावाकडे गेला होता.

“रुको,” मी म्हणालो. “वह कहाँ है? सामने बुलाओ.”

कोणी पुढे आले नाही. मग मागच्या रांगेतला एकजण मान खाली घालून म्हणाला, “जी, मैंने बोला था। वो अंदर है। बोरी रख के आ रहा था।”

दोस्ताच्या नावाला. तू हसला असतास, कोल्हापुरातला अर्धा वर्ग तू होतास. पण ते हसू तुझ्या तोंडावर फार वेळ टिकले नसते. मुकादम आत धावला. गोठवणाऱ्या त्या अंधारातून त्याला बाहेर आणीपर्यंत फाटकाशी कोणी हलले नाही, सेठीही नाही. तो कामगार आला, खांद्यावर तागाचा भुगा घेऊन, उन्हाने डोळे मिटत, काय चालले आहे ते न कळून. आत वायू नव्हता. आज नव्हता. मुकादमाने त्याचे नाव पुन्हा पुकारले आणि तो स्वतःच्या तोंडाने “हाज़िर” म्हणाला.

खरा कोण, असे तू विचारले होतेस. ज्याला बाहेर आणून उभे करता येते तो.

सेठी तारांसाठी माणूस आणायला गेला आहे. कामगारांनी तोवर आत जायला नकार दिला आहे. प्लग या कागदाशेजारी टेबलावर आहे, आणि घंटा वाजते आहे. मघाशी फोन वाजला. मी उचलला, आणि सवयीने “आहे” म्हणालो. पलीकडे दूधवाला होता.

मी आहे, मधुकर. तारा बदलून होईतो रोज खाली जाईन, बाटली घेऊन. तुझी बाजू मी मांडीन, माझीही मांडीन, आणि दोन्ही नीट मांडीन. परंतु तुझे नाव कोठे पुकारले गेले, तर मी तुझ्या वतीने ओ देणार नाही. दुसऱ्या कोणालाही देऊ देणार नाही. त्या नावापुढे शांतता राहील, आणि ती मी सर्वांना ऐकायला लावीन.